मोहरी जाड आहे

९ सप्टेंबर, सोमवार

पाहुणा आला! कोसी नदीपलीकडचा कुणी म्हातारा. अंगणाच्या कडेला उभा राहून पाणी मागत होता. पाय धुवायला लोटा दिला, पाट मांडला, मखाणे भाजून पुढे ठेवले. जाऊबाई कुंपणाआडून — "कोण गं? कशाला आलाय?"

"जेवल्याशिवाय विचारायचं नसतं."

"हो बाई! तुझ्याकडे रोज देव येतात. आमच्याकडे मेली मांजरंच!"

हसले. बऱ्याच दिवसांनी.

भात, डाळ, तिलकोराच्या वेलीची पानं तळून. पंखा घेऊन समोर बसले. पाहुण्यानं दोन घास खाल्ले, हात आखडला.

पुरात हे गेले तेव्हा निरोप एवढाच आला — रस्त्यात गेले, तिथेच अग्नी दिला. रस्त्यात! कुणी पाणी पाजलं की नाही, कोण जाणे. तेव्हापासून दारावरून कुणाला कोरडं जाऊ देत नाही. वाटतं, एखादा घोट तरी त्यांच्यापर्यंत पोचेल.

१० सप्टेंबर, मंगळवार

पाऊस. पाहुणा निघाला होता, जाऊ दिलं नाही. अर्धपोटी गेलेला पाहुणा घराचं पुण्य घेऊन जातो, सासूबाई म्हणायच्या. दही-पोहेही त्यानं तसेच टाकले. माझ्या हाताची चव गेली की काय?

"बाबा, मीठ कमी पडलं का?"

"नाही गं लेकी. बरोबर आहे."

डोळे पुसत होता. धुरानं म्हणाला. चूल तर विझलेली!

दुपारी रामायण वाचून दाखवलं. अजून अक्षरावर बोट ठेवूनच वाचते, एकटीनं शिकले तशी. ऐकत होता.

११ सप्टेंबर, बुधवार

ठरवलं — मासा करायचा. आमच्या मुलखात माशाशिवाय पाहुणचार नाही. पण विधवेनं त्याला शिवायचं नसतं. हे गेल्यापासून पाटा भिंतीला उभा होता. आडवा केला, धुतला, मोहरी वाटली. वास उठला. हे म्हणायचे, "तुझी मोहरी जाड. दाताखाली कुरकुरते!" आणि तिसऱ्यांदा भात मागायचे.

जाऊबाई वासावर आल्याच. "तू? मासा?"

"मी कुठे खातेय?"

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना वाटीभर पाठवते."

वाटी घेऊन गेल्या की!

पाहुण्यानं रोहूचा तुकडा जिभेवर ठेवला आणि ढसाढसा रडायला लागला. म्हणाला, "मोहरी जाड आहे."

पंखा हातातून पडला. ह्याला कसं ठाऊक? पण जेवल्याशिवाय विचारायचं नसतं. तो मात्र जेवला. शेवटच्या शितापर्यंत.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज तोच बोलला, हात जोडून. जिबछ मुखिया त्याचं नाव.

"मालक रस्त्यात नाही गेले, लेकी. माझ्या ओसरीवर गेले. तापानं फणफणलेले, होडीतून मीच उतरवले. मासा मागितला. बायकोनं केला. जेवले, वर म्हणतात — आमच्या घरची मोहरी जाड असते, तीच खरी! पहाटे गेले. पाणी मी पाजलं. पाहुणा माझ्या छपराखाली मेला, मी कसला यजमान! तोंड दाखवायची लाज, म्हणून 'रस्त्यात' असा निरोप धाडला. तुझ्या घरचा घास उतरेना."

मग एवढंच विचारलं, "भुकेले नाही ना गेले?"

"दोनदा भात मागितला."

"तीनदा मागायचे."

"तापात होते गं!"

दोघंही हसलो. रडलोही. रस्त्यात नव्हते. पाटावर होते. कुणीतरी समोर बसलं होतं. देवा, काय म्हणू तुला!

१३ सप्टेंबर, शुक्रवार

त्याच्या बायकोला वाटतं, तिच्याच माशानं घात केला. तेव्हापासून ती कुणाला वाढत नाही म्हणे. किल्ली जाऊबाईंकडे दिली. बाबांबरोबर होडीत जातेय. तिच्या अंगणात उभी राहून पाणी मागेन, मग भात.

तीनदा मागेन.