खडकापाशी इंजिन बंद कर

स्वँटन, ६ जून २००९

प्रिय थिओफिल,

तुझी पाठ कशी आहे? इकडे यंदा मासळी बरी लागली. तुझी लेक अर्लीन माझ्याकडे मजेत आहे. तुझ्याबद्दल विचारत नाही, पण तुझा फोटो पुसते.

चारशे वर्षांपूर्वी तो फ्रेंच माणूस, शँप्लेन, परक्यांच्या होड्यांतून आला, बंदूक झाडली आणि आपल्या बिटाबागोक सरोवराला स्वतःचं नाव देऊन गेला. तू आणि मी शाळेत तेच नाव घोकलं, आणि दोघांनाही ते सलत राहिलं. त्यावर मी चाळीस वर्षं भाषणं केली. आता थकले. मेलेल्या माणसाशी किती भांडायचं?

त्याच्या येण्याच्या चारशेव्या वर्षाचा उत्सव आहे, त्या समितीचे साहेब आले होते. म्हणाले, पाच मिनिटं बोला, डोक्याला पिसं लावलीत तर शोभून दिसेल. मी गप्प बसले. अर्लीन म्हणाली, "आत्या गप्प बसली, साहेब. झाला की तुमचा उत्सव."

त्यांच्याकडूनच कळलं, शँप्लेनचं सोंग घेतलेल्या नटाची लाँच तू चालवणार आहेस. रागावले नाही. सरकारी माणसं आपल्या जमातीच्या बायकांना दवाखान्यात नेऊन त्यांची कूस बंद करत होती, त्या दिवसांत आईने बजावलं होतं, आपण फ्रेंच, एवढंच सांगायचं. तू ते अजून पाळतोस.

पण तुझी लाँच ओद्झिहोझोच्या खडकाजवळून जाईल. हे सरोवर घडवून जो तिथेच दगड होऊन बसला, त्याला तंबाखू वाहिल्याशिवाय बाबा पुढे वल्हं मारत नसत. तू प्रार्थनेचे शब्द पुटपुटलास की म्हणायचे, "म्हातारा बहिरा आहे, बाळा. मोठ्यानं बोल." ते गेल्यापासून दर उन्हाळ्यात मी जाते.

यंदा जमणार नाही. साहेबांपुढे गप्प बसले ते रागाने नव्हे. आवाजच फुटत नाही. मंगळवारी डॉक्टर माझं स्वरयंत्र काढणार आहेत. ते शब्द कधी कागदावर उतरले नाहीत, आणि ते म्हणणारे आपण दोघंच उरलो होतो.

सोबत तंबाखूची पुडी आहे. खडकापाशी इंजिन बंद कर. नट, पाहुणे, बँडवाले, सगळ्यांना बघू दे. तंबाखू पाण्यात सोड आणि आपल्या भाषेत मोठ्यानं बोल. अर्लीन मला किनाऱ्यावर आणून बसवणार आहे, आणि पाण्यावरून आवाज लांब जातो.

बोलून संपलेली,
तुझी ताई
डेलिमा