आजीला ऊब लागली

१२ ऑक्टोबर
तरी आईचं एकच पालुपद : मोठी चूल नको. अगं, विटांची चूल बांधून देतो म्हणतोय, दरोडा घालू म्हणत नाही! पण नाही. म्हणे पत्र्याची शेगडी पुरते, आणि तळ्याकाठची जमीन फार तापवू नये. मग बस थंडीत गुडघे धरून. पगाराचे रूबल हातात आले की पैसे पाठवणार, विषय संपला. वर मलाच ऐकवते, केस्किल, तुझ्या पायाला भिंगरी आहे, ही नोकरीही सोडशील. आता एका जागी बसूनच दाखवतो.

जागा मात्र झकास. नदीकाठी एकटंच लाकडी घर, दाराशी प्यायच्या पाण्यासाठी कापून आणलेल्या बर्फाच्या लाद्या रचलेल्या. सीदरकाका इथे जन्मभर नदीचं पाणी मोजतायत. मला बघून म्हणाले, शाळा सोडलीस ना? छान, काठीवरचे आकडे वाचता आले की झालं. जेवायला गोठलेल्या माशाचे काप आणि दुधाचा चहा. मी इतके काप हाणले की काका म्हणाले, तुला पगाराऐवजी मासेच देऊ.

२ नोव्हेंबर
काम सोपं. पहारीने नदीवरच्या बर्फात भोक पाडायचं, काठी सोडायची, पाणी कुठवर आलं ते रेडिओवरून कार्यालयातल्या बाईंना सांगायचं. काका भोकापाशी कुजबुजतातच. नदीचं नाव घेत नाहीत, आजी म्हणतात. आमच्याकडे तळ्यालाही आजीच म्हणतात, पण इतकं कुणी मनावर घेत नाही. हे लोण्याच्या धिरड्याचा तुकडा पाण्यात सोडतात आणि म्हणतात, झोप, आजी, झोप.

काकांची खरी आजीही आहे, चुलीवरच्या भिंतीवर, फोटोत. तिचीही काच रोज पुसतात.

३० नोव्हेंबर
सूर्य गेला तो आता जानेवारीतच. कंटाळा हाडात उतरलाय.

पाणी उतरत नाही. काका म्हणाले, आम्ही तरुण असताना हिवाळ्यात नदी तळापर्यंत गोठायची. पाणी नाही एवढं कळवायचं आणि पत्ते कुटायचे. आता जमिनीतला जुना बर्फ सुटत चाललाय. उन्हाळ्यात मुरलेलं पाणी गोठत नाही, भर हिवाळ्यात खालून चालतच राहतं. आज उणे सेहेचाळीस आणि पाणी चढलेलं. बाई म्हणाल्या, उत्तरेच्या सगळ्या नद्यांवरून हेच येतंय, उद्या पुन्हा मोजा. थकलेला आवाज होता त्यांचाही. काका म्हणाले, म्हातारीला झोप लागत नाहीये. हसले मात्र नाहीत.

९ डिसेंबर
काका खोकून खोकून बेजार. बर्फगाडी आली आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. गाडीच्या घरघरीत ओरडून सांगत होते, आजीला ऊब लागू देऊ नकोस! मी मान डोलावली. आत आलो, चुलीवरचा फोटो काढला आणि बाहेरच्या थंड पडवीत टांगला. म्हातारा त्या फोटोवर भारीच जीव टाकतो.

मग चूल पोटभर पेटवली. काका होते तोवर नुसती कंजुषी, चूल अर्धी, कोट घालून झोपा. घराखालच्या पोकळीत वारा खेळावा म्हणून फटी ठेवल्यात, म्हणजे पायाखालून गारठा! सगळ्या फटी बर्फाने लिंपून टाकल्या. आज पहिल्यांदा बनियनवर बसलोय. राजा!

१७ डिसेंबर
भोकातलं पाणी एकदम खाली गेलं. बाईंना कळवलं. त्यांनी विचारलं, घराखाली काही वाजतंय का? म्हटलं, छे.
तेव्हा वाजत नव्हतं.

१९ डिसेंबर
वाजतंय. चुलीच्या बरोबर खाली. म्हातारं माणूस काठी टेकत चालावं तसं. मध्येच थांबतं, छातीत कफ असल्यासारखी घरघर. फळ्या फुगल्यात.

बाई म्हणाल्या, वरच्या अंगाला कुठेतरी नदी तळापर्यंत गोठून तुंबली असेल, पाणी जमिनीतून वाट शोधतंय. बाकी जमीन दगड झालीय. मऊ जागा एकच, तुमच्या घराखालची. चूल विझवा. म्हटलं, विझवून मरू का? गाडी निघालीय म्हणाल्या. पण वादळ आहे.

काका कुठल्या आजीबद्दल ओरडत होते ते आत्ता कळलं.

२० डिसेंबर
चूल विझवली. काठी थांबली. श्वास मिशीवर गोठतोय, बोटं वळत नाहीत — पुन्हा पेटवली. थोडीशीच. लगेच खालून ठक ठक —

फोटो आत आणला. काचेवर आतल्या बाजूने ओल आलीय. पडवीत उणे पन्नास, आणि ओल. तोंडाची वाफ धरावी तशी.

२१ डिसेंबर
फळी फुटली. पाणी. कोमट वाटतं. कडेकडेने गोठत जातं. दार गेलं, बर्फात. खिडकीही —

ती चुलीकडेच येते. मी टेबलावर. फटी लिंपल्या नसत्या तर —

हाक मारतंय कुणी. नातवा म्हणून. काका नाहीत. झोप आजी, झोप म्हणतोय. धिरडं नाही घरात, काय देऊ —

रेडिओ लागला. बाईंना सांगितलं, माझा पगार आईला पाठवा. रडल्या बहुतेक.

आई, तू म्हणत होतीस तेच खरं. तुझं घरही आजीच्या काठाला. विटांची चूल नको. शेगडीही विझव. हे पैसे चुलीचे नाहीत, गाव सोडायचे — विमानाला पुरतील — सत्तेचाळीस हजार रू