पाय खाली सोडून बसा

मंगळवार, संध्याकाळ

शेजारच्या शोभाचे यजमान दवाखान्यातून घरी आले, म्हणून मी भेटायला गेले. जायला नको होतं.

झोपेची आणि लघवीची गोळी सुरू होताच नर्सबाईने शोभाला बजावलं होतं, "एकदम उठू देऊ नका. आधी पाय खाली सोडून बसायचं, मग हाक मारायची." आमच्या यांनाही याच दोन गोळ्या होत्या. दवाखाना दुसरा होता. तिथे कोणी काही सांगितलं नाही. मी खाटेखालीच चटईवर होते, पण चारचौघांत यांनी मला कधी हाक मारली नाही. त्या रात्री वॉर्डातही नाही. एकटेच उठले, चक्कर येऊन पडले, डोक्याला लागलं आणि गेले. पाय खाली सोडून बसा, एवढंच तर सांगायचं होतं.

बोलता बोलता भाऊजी खाटेवरून उठायला लागले. शोभा ओरडली, "अजी, काऊन उठून राहिले? पाय सोडून बसा ना आधी! पडाचा शौक आला का?"

ते हसले. "पाहा वहिनी, सिस्टर घरीच आली."

मला ते हसणं सहन झालं नाही. तिचं वाईट चिंतत नाही मी. पण हे ओरडणं तिच्याच वाट्याला का?

ते उभे राहिले तेव्हा त्यांचा दंड मीच धरला. कसा धरला, कळलं नाही.

शोभा हळूच म्हणाली, "राहू द्या वहिनी, मी हाव ना."

मी हात काढून घेतला.