कात्री चौथ्यांदा

पोयाना, २६ जुलै, रविवार

प्रिय ताई,

तुला आता झाम्फिरा म्हणायचं नाही, माई पेलाघिया म्हणायचं, असं आईने बजावलंय. त्यापायी तीन कागद फाडले. शेवटी ताईच लिहिलं. तुमच्या मठात ताई हे नाव काही कुणी बदललेलं नाही.

तू बरी असशील. आम्ही बरे आहोत. आलुबुखारची झाडं वाकलीयत. गाय व्यायली. वासरू सारखं मान हलवतं म्हणून मी त्याचं नाव पाद्रीबाबा ठेवलंय, ते आईला माहीत नाही.

मी अजून पिंतिलिए मामाच्या दुकानात सुऱ्या-कात्र्यांना धार लावतो. परवा खरे पाद्रीबाबा प्रवचनात म्हणाले, मनाला येईल ते करणारा माणूस मोकळा नसतो, तो मनाचा गडी असतो. मला हसू आलं. मामाने बाहेर आल्यावर धरलं.

"हसतोस काय रे तोदेर? एक दिवस खोडी न काढता राहून दाखव."

"त्यात काय. मनात आणलं तर महिनाभर राहीन."

"महिना राहू दे. दुपारपर्यंत रहा."

ताई, अकरा वाजता मी त्याच्या कॉफीत मीठ टाकलं. खरं सांगतो, मी ठरवलं नव्हतं. हात गेला. मामा एक घोट पिऊन म्हणाला, "बघ, गड्याला मालकाने हाक मारली." तेव्हापासून डोकं जरा फिरलंय. माझाच हात माझं ऐकत नसेल, तर तुझं काय, तू तरी स्वतःच्या मनाने गेलीस का, असं वाटायला लागलं.

म्हणजे आता तुझ्या दीक्षेच्या दिवसाचं लिहायला हवं.

गावभर काय चाललंय ते तुला कळलं असेल. आई सांगत फिरते की सैतानाने कात्री ओढली, पण माझ्या लेकीने त्याच्या तोंडातून काढून आणली. शेजारची सावेता काकू म्हणते, सैतान नाही, देव होता, त्यालाच पोरगी नको होती. दोघी बोलत नाहीत आता.

तुला माहितीये कोण होतं ते. तरी लिहितो.

दीक्षेत तुझे केस कापायची कात्री मठातून आमच्याच दुकानात आली होती धारेला. मीच ती तबकात घालून आणली, मीच पवित्र पुस्तकावर ठेवली. तिच्या कडीला मासे धरायची नायलॉनची दोरी बांधलेली होती, दिसेल न दिसेल अशी बारीक. दुसरं टोक माझ्या मुठीत, खांबामागे. नुसती गंमत करायची असती तर तबकात झुरळ ठेवलं असतं. ही गंमत नव्हती.

तू अनवाणी, पांढऱ्या सदऱ्यात, जमिनीवर सरपटत आलीस. आई हुंदके द्यायला लागली. पाद्रीबाबांनी विचारलं, "स्वतःच्या इच्छेने आलीस का? कुणाच्या जबरदस्तीने, कुठल्या नडीने तर नाही ना?" तू म्हणालीस, "नाही बाबा." इतकं सरळ म्हणालीस की मी दोरीचा आणखी एक वेढा मुठीला दिला.

मग त्यांनी कात्री खाली टाकली. तू उचलून दिलीस. पुन्हा टाकली, पुन्हा दिलीस. ते तीनदा का टाकतात हे मला मामाने सांगितलं होतं: पोरीला अजून परत जायची वाट आहे, हे तिला तीनदा दाखवायचं. मला वाटलं, ही वाट फारच अरुंद दाखवतात, जरा रुंद करू. तिसऱ्यांदा पडली तशी मी ओढली. कात्री सरसर घसरत गेली बाकाखाली. मला वाटलं, आता तू उठशील, म्हणशील देवालाच नकोय, आणि घरी येशील. कुणी तुला नावं ठेवली नसती.

तू बाकाखाली शिरलीस. बराच वेळ फक्त तुझे तळवे दिसत होते. कात्री हाताला लागली, दोरी लागली, आणि दोरीवरून तुझी नजर माझ्यापर्यंत आली. जॅमच्या बरणीत माझा हात सापडला की तू बघायचीस, तशी. मग त्याच कात्रीने तू दोरी कापलीस आणि कात्री नेऊन दिलीस. धार मी चांगली लावली होती.

माझं टोक अजून खिशात आहे.

इथे पत्र संपवायचं होतं. वासराचं अजून थोडं लिहून.

पण ताई, मी चौदा वर्षांचा असताना चर्चच्या मनोऱ्यावरच्या क्रुसाला भोपळा लावायला चढलो आणि पडलो. तीन दिवस शुद्ध नव्हती, असं सगळे सांगतात. दोनच दिवस नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी मला जाग आली. खाटेशी तू एकटीच होतीस, माझा पाय दाबत. म्हटलं, असेच डोळे मिटून पडू, ती वाकली की भॉक करू. तू वाकलीस. आणि म्हणालीस, "देवा, हा जगू दे, मी तुझ्या घरी येईन."

मी जगलेलोच होतो ताई. मला भूकसुद्धा लागली होती.

भॉक करताच येईना. तू बाहेर जाईपर्यंत डोळे मिटून राहिलो. मग पाच वर्षं राहिलो.

म्हणजे तू जे मागितलंस ते आधीच मिळालेलं होतं. मग तो शब्द धरायचा की नाही? तू नडीने नाही आलीस म्हणालीस, ते खोटं होतं, की तुला वाटत होतं ते खरं, की शब्दाबिब्दाशिवायही तू गेलीच असतीस? मामाला विचारता येत नाही. पाद्रीबाबांना विचारलं तर आधी माझे कान उपटतील. मला यातलं काहीच उमगत नाही. दोरी कापताना तू मला मोकळं केलंस की स्वतःला, तेही कळत नाही. कधी वाटतं, तुला तेव्हाही सगळं माहीत होतं.

त्यांनी कात्री तीनदा टाकली, पण तेव्हा हे तुला ठाऊक नव्हतं. म्हणून ही चौथी वेळ समज. मी टाकलीय. या वेळी दोरी नाही. मामाची गाडी मंगळवारी मठाच्या फळबागेच्या फाटकाशी उभी असेल, मी आत येणार नाही, हाकही मारणार नाही. उचलायची की तशीच पडू द्यायची, ते तू बघ.

तुझा, त्या दुपारी जागा असलेला भाऊ,
तोदेर