मागचं उजवं चाक

शनिवार, १४ ऑक्टोबर २००६, मोआब (युटा, अमेरिका)

ते मागचं उजवं चाक अजून डोळ्यांसमोरून जात नाही. खडकातली वाट वळणावर इतकी अरुंद होती, की जरा चुकलं असतं तर मोहनकाका जीपसकट दरीत. मागे फिरायला जागाच नव्हती.

सकाळपासून प्रत्येक दगडापाशी मी आधी उतरून बघत होतो. काका चिडवत होते, "जमीन मोजायला आलायस का रे?" वळणावर मात्र हळूच म्हणाले, "तू सांग. मला उजवीकडचं काही दिसत नाही."

डिप्लोमा अर्धवट सोडल्यापासून मला कोण काय विचारतं? समोर उभा राहिलो आणि एसटीच्या कंडक्टरसारखं तोंडातून निघालं, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे घ्या, येऊ द्या!" त्या चाकाखालून खडे दरीत घरंगळले. तेव्हा थांबवायला हवं होतं का? नाही. थांबले असते तर घसरलेच असते.

पलीकडे काकांनी घाम पुसला आणि किल्ली माझ्या हातात दिली. "पुढे तू ड्राइव्ह कर. मी उतरून बघतो."

चालवली. संध्याकाळपर्यंत मीच चालवली.