‘चंदा-१’ची ट्रायल

९ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून रोज लिहायचं. निश्चय.
भारतातली सगळ्यात वेगवान गाडी दिघोरीत बनणार. मी बनवणार. शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणजे थिअरी पक्की. तत्त्व सोपं आहे : गाडी म्हणजे न उडणारं विमान. टोकदार नाक, मागे शेपूट, मध्ये कॉकपिट. इंजिन जुन्या मारुतीचं.
नाव ‘चंदा-१’. बायकोवरून.
चंदा काल माहेरी गेली, आंबागडला. हवापालट. शिलाई मशीनही नेली.

२३ फेब्रुवारी
रोज लिहिणं जमलं नाही. काम फार.
नाकाला पत्रा कमी पडला. घरातली तांदळाची कोठी कापली. तांदूळ सध्या पलंगावर, चंदाच्या बाजूला. जागा रिकामीच होती.
वेल्डर ईश्वरने विचारलं, “सर, हे उडन का चालन?” चालेल, म्हणालो. मग म्हणाला, “वहिनी कधी येऊन राहिल्या?” वेल्डिंगकडे लक्ष दे, म्हणालो.

१६ मार्च
चंदाचा फोन. म्हणाली, “तुमी माह्यासंग दोन गोष्टी बोलाल का?”
मी हवेचा विरोध समजावला. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. सगळं ऐकलं. इतकं मन लावून वर्गातही कोणी ऐकत नाही.
शेवटी म्हणाली, “आपली गुड्डी असती तं यंदा पहिलीत गेली असती.”
नेटवर्क नाही, म्हणालो. नेटवर्क होतं.
लेकीबद्दल असं फोनवर बोलू नये. ट्रायल झाली की समोरासमोर बोलू. निवांत.

६ एप्रिल
मेहुण्याचा, भूपेंद्रचा फोन. चंदाने तुमसरला शिवणक्लास सुरू केला. खोलीही घेतली. छान. माझा ड्रायव्हिंग सूट तिथेच शिवून होईल.
गाडीला दोन छोटे पंख लावले. विमानाला असतात तसेच. गाव बघायला येतंय.

४ मे
ब्रेक कमजोर. लढाऊ विमानं उतरताना मागे पॅराशूट सोडतात. तेच करायचं. मजबूत कापड हवं होतं. आलमारीत चंदाच्या लग्नाचा शालू सापडला. दोऱ्या बांधून टाकल्या.
संध्याकाळी तिचाच फोन. “माहा शालू भूपेंद्रजवळ देऊन द्या जी.”
तूच ट्रायलला ये, शालू तिथेच मिळेल, म्हणालो. म्हणाली, “येतो.”
येणार! गाडी बघितली की परत जाणारच नाही.

१८ मे, दुपारी
गोसीखुर्द धरणाच्या मागचं पाणी उतरलंय. तळ कोरडा, टणक, सपाट. गाडी ट्रॉलीतून नेली. भूपेंद्र चंदाला मोटारसायकलवर घेऊन आला. ती वाळली आहे. मी कॉकपिटातून हात केला.
वेग नव्वदपर्यंत मस्त. शंभराला नाक उचललं. गाडीला पंख उलटे लावायचे असतात म्हणे, जमिनीकडे दाबणारे. गाडी बनवायच्या व्हिडिओचा दुसरा भाग बघायचा राहिला होता. पॅराशूट सोडलं. लाल शालू जरीसकट फुलला आणि टर्रकन फाटला. गाडी कुशीवर पडून घसरत गेली.
चंदा धावत आली. शालूवरून पाय देत आली, खाली पाहिलंही नाही. मला ओढून बाहेर काढलं. पदराने कपाळाचं रक्त पुसलं. “लई लागलं का जी?”
शंभर गाठले, म्हणालो.
तिचा हात थांबला. हळूच म्हणाली, “एक डाव गुड्डीचं नाव घ्या ना. माह्यासमोर. पोरगी गेल्यापासून तुमी नावच नाही घेतलं.”
मी म्हणालो, काटा बघ, अजून शंभरावरच अडकलाय.
ती उठली. पदर झटकला. भूपेंद्रच्या मागे जाऊन बसली.

संध्याकाळी
दोघं गेली तेव्हा काठाच्या चढावर मोटारसायकल धापा टाकत होती. दगड, रेती. चाक नुसतं घसरत होतं. चंदा एकदा उतरली, मागून धक्का दिला, परत बसली.
गुड्डी. नाव तोंडात आलं होतं.
चालत गेलो असतो, तरी गाठली असती.