पाचातले दोन शब्द

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (हल्ली वाकलं की गरगरतं, त्यामुळे हा बसल्या बसल्याच केलेला आहे, उगाच खोटं नको). तुझी पाठ कशी आहे? भावोजींचा खोकला गेला का? भाचीच्या परीक्षेचं काय झालं? तिला म्हणावं, मामाही नुकताच एका परीक्षेला बसला होता. ती हकिकत सांगायलाच लिहितोय.

मागच्या मोसमात माझ्या डोक्याला दोनदा मार बसला, हे तुला ठाऊक आहे. दुसऱ्या वेळी फोनवर मी 'जरासं लागलं' म्हणालो होतो. (रोजनिशीत पडताळून पाहिलं, 'जरासं' खोटं आहे.) झालं असं, की चेंडू अडवायला मी उडी मारली, चेंडू गेला जाळ्यात आणि मी गेलो खांबावर. उठलो तो थेट गोल मारणाऱ्याकडे, आणि त्याच्या पाठीवर थाप मारून 'शाब्बास' म्हणालो. इथवर खिलाडूवृत्ती म्हणून खपलं असतं. पण मध्यंतरात मी प्रतिस्पर्ध्यांच्याच खोलीत जाऊन बसलो, बूट सैल केले आणि 'समोरचा गोलकीपर म्हातारा झालाय, त्याच्या डावीकडून मारा' असा सल्ला दिला. सल्ला अचूक निघाला. उत्तरार्धात मी पुन्हा उभा राहिलो आणि तिथूनच दोन गोल झाले.

आमचा एक बचावपटू सव्वीस वर्षांचा. त्याला एकदाच मार बसला, क्लबच्या डॉक्टरबाईंनी 'आता थांबा' म्हटलं आणि तो थांबला. निरोपाच्या चहाला मी त्याला धीर द्यायला गेलो, तर तोच म्हणाला, "काका, माझं सोडा. तुमचं काय?" (एक्केचाळिसाव्या वर्षी संघात सगळे मला काकाच म्हणतात. प्रशिक्षकही. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे.)

तर, नव्या करारापूर्वी बाई आमच्या डोक्यांची परीक्षा घेतात. पाच शब्द सांगतात, मग महिने उलटे म्हणायला लावतात, एका पायावर उभं करतात आणि मग ते पाच शब्द विचारतात. पुढे कधी डोकं आपटलं की पुन्हा तीच परीक्षा. पहिल्याइतके गुण पडले तरच मैदानावर सोडतात. म्हणून जुने खेळाडू पहिल्याच वेळी मुद्दाम कमी गुण घेऊन ठेवतात. आमच्यातला एक, ज्याला आम्ही वकील म्हणतो, मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "काका, पाचातले दोन विसरायचे. नेमके दोन. तीन विसरलात तर घरी बसवतील."

मी कधी कॉपी केलेली नाही. (इतिहासाच्या पेपरला एकदा डोकावलो होतो, पण पुढच्याचंही उत्तर चुकलेलं होतं.) आदल्या दिवशी रोजनिशीची तीन पानं या प्रश्नावर खर्ची घातली आणि ठरवलं, की दुसरा आणि चौथा शब्द गाळायचा. बाईंनी विचारल्यावर म्हणालो, "कात्री... पितळ... लिंबू." आणि उरलेले दोन अगदी जिभेवर असल्यासारखा चेहरा केला. बाहेर आलो तर मन खायला लागलं. निदान रोजनिशीशी तरी प्रामाणिक राहू, म्हणून लपवलेले दोन शब्द लिहून ठेवायला बाकावर बसलो.

ताई, ते दोन शब्द सापडेनात.

लबाडी करायला गेलो आणि खरं बोलून आलो! पुन्हा दार ठोठावलं. शब्द विचारायची सोय नव्हती, म्हणून "माझी छत्री राहिली वाटतं" म्हणालो. बाई म्हणाल्या, "तुमच्या हातात आहे." मी म्हणालो, "हो, तेवढंच बघायचं होतं." वकिलाला सांगितलं तर तो खूश. "वा काका! म्हणजे आता नाटकाचीसुद्धा गरज नाही."

तीन गुणांवर मी पास झालो. करार तयार आहे, सही तेवढी राहिली. बाकी सगळं ठीक. काळजी नसावी.

तुझा (अजून तरी) खेळाडू भाऊ

ता. क. सही शनिवारी चार वाजता आहे. पत्र खरं तर त्याचसाठी लिहिलं. लहानपणी दिवेलागणीला तू मैदानाच्या कडेला येऊन ओरडायचीस, "पुरे झालं, घरी चल." पहिल्या दोन हाका मला ऐकू यायच्या नाहीत (यायच्या). तिसरीला मी निमूट निघायचो. शनिवारी क्लबच्या फाटकाशी येशील? पहिल्या दोन हाका तुझ्या भावजयीने मारून झाल्या आहेत. तू थेट तिसरीच मार.

आणखी एक ता. क. आनंदाची बातमी! पाकीट चिकटवताना एक शब्द लख्ख आठवला: साबण. म्हणजे डोकं शाबूत आहे. तू येऊ नकोस, उगाच प्रवासाची दगदग.

शेवटचा ता. क. भावजय म्हणते, साबण तिने आज सकाळी दुकानातून आणायला सांगितला होता. तो मी आणलेला नाही. शनिवारी येच. येताना साबण आण.